जुनी ७५ची डिझेल पळायची, मग ११५ची एसयूव्ही मेलेली का वाटते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांकडे २०१४ची डिझेल स्विफ्ट आहे, आठवड्याला एक बारामती-पुणे फेरी होते, दोन-तीन महिन्यातून एकदा महाबळेश्वर नाहीतर कोकण, मागे आई-वडील, त्यात आईला घाटात मळमळतं. आता कॉम्पॅक्ट एसयूव्ही घ्यायची म्हणून १.५ लिटरची साधं, म्हणजे बिनटर्बोचं पेट्रोल इंजिन असलेली क्रेटा चालवून बघितली, कागदावर ११५ पीएस (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच), पण चालवताना वाटलं की आपली ७५ पीएसची स्विफ्टच जास्त ओढते. सेल्समन म्हणाला सर नवीन इंजिन आहे, रनिंगने मोकळं होईल. तर हे खरं का, आणि नसेल तर घ्यायचं काय.

मोकळं वगैरे फार काही होत नसतं हो. पहिल्या हजार-दोन हजार किलोमीटरात इंजिन किंचित सैल होतं ते ठीक, पण तुम्हाला जे जाणवलं त्याचा त्याच्याशी संबंध नाही. तुम्हाला जे वाटलं ते शंभर टक्के बरोबर वाटलं आणि गाडीतही काही खोट नाही. मी एकोणीस वर्षं गॅरेज चालवतोय, आता निम्मं काम जुन्या गाड्या घ्यायच्या आधी तपासून द्यायचं, म्हणजे रोज चार-पाच वेगवेगळ्या गाड्या हाताखालून जातात, आणि डिझेल स्विफ्ट विकून पेट्रोल एसयूव्ही घेतलेला माणूस महिन्याभरात येऊन हेच बोलतो, पिकअप नाही ओ गाडीला.

आधी मार्केट यार्डातला हमाल डोळ्यासमोर आणा. एका खेपेत किती पोती उचलतो तो टॉर्क, आणि तासाभरात ट्रकमध्ये किती पोती चढवतो ती पॉवर. एकजण एकेक पोतं घेऊन पळत पळत खेपा मारतो, दुसरा दोन-दोन पोती घेऊन निवांत चालतो, संध्याकाळी हिशोब सारखाच. कागदावरचं ११५ म्हणजे त्या पळणाऱ्या हमालाचा सगळ्यात जास्त पळाल्यावरचा आकडा. क्रेटाचं साधं १.५ पेट्रोल हे ११५ पीएस देतं ६३०० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला ६३०० फेरे फिरताना. आता खरं सांगा, तुम्ही आयुष्यात कधी गाडी ६३०० वर नेलीय का? बारामतीकर माणूस ३००० च्या वर काटा गेला की गिअर टाकतो, डिझेलची सवय.

हिशोब सोपा आहे, टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले साधारण ७०००, की त्या क्षणी इंजिन किती पीएस देतंय ते कळतं. तुमची स्विफ्ट १९० न्यूटन मीटर टॉर्क देते २००० आरपीएमला, म्हणजे तिथंच ५४ पीएस मिळाले. क्रेटाच्या साध्या पेट्रोलचा टॉर्क १४४, तोसुद्धा ४५०० ला, २००० वर सव्वाशेच्या आसपास धरला तर निघतात ३५-३६ पीएस. गाडी मात्र स्विफ्टपेक्षा दोन-अडीचशे किलोने जड. तुम्ही टेस्ट ड्राइव्हला गाडी चालवली २००० वर, तुलना झाली ५४ विरुद्ध ३५ची, आणि तुम्ही मनात धरून बसलात ७५ विरुद्ध ११५.

आता त्याच ११५ च्या आणखी दोन गाड्या घ्या. स्कोडा कुशाक-फोक्सवॅगन टायगनचं १.० टीएसआय पेट्रोल, तीन सिलिंडर आणि टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, हेसुद्धा ११५ पीएस, पण १७८ न्यूटन मीटर १७५० पासून मिळतो, २००० ला ५० पीएस. आणि क्रेटा-सेल्टोसचं १.५ डिझेल, ११६ पीएस, २५० न्यूटन मीटर १५०० पासून, २००० ला ७१ पीएस. तीन इंजिनं, ब्रोशरवर एकच आकडा, आणि तुम्ही रोज चालवता तिथं ३५, ५०, ७१. एका ब्रोशरमध्ये हे कुणी छापलं तर निम्म्या लोकांचे प्रश्न संपतील पण कोण छापणार.

इथं एक मेख आहे ती पण सांगतो नाहीतर उद्या कोणीतरी मला पकडेल. डिझेलचा टॉर्क दुप्पट म्हणजे चाकावर ओढ दुप्पट असं नसतं, मध्ये गिअर असतात. तुमच्याच रस्त्यावर सीझनला ५० एचपीचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ऊस ओढत नेतो, तो काय इंजिनाच्या टॉर्कवर नाही नेत, गिअर खूप खालचे आहेत म्हणून नेतो, बदल्यात वेग वीसचा. डिझेल कमी आरपीएमवर फिरतं म्हणून त्याला वरचे गिअर लांब दिलेले असतात आणि त्यात टॉर्कचा थोडा फायदा खाल्ला जातो. त्यामुळे नुसता टॉर्कचा आकडा बघून पण हुरळून जायचं नाही. महिंद्रा थ्रीएक्सओच्या डिझेलला ३०० न्यूटन मीटर आहे, चार मीटरच्या आतल्या गाडीत एवढा म्हणजे भरपूर झाला, गाडी मजेशीर आहेच, पण साध्या पेट्रोलच्या अडीचपट वगैरे पळते असं काही नाही.

मग साधं पेट्रोल वाईट का? अजिबात नाही. तुमचा दिवे घाट घ्या, घरी जाताना दर आठवड्याला चढताच. पाच माणसं आणि बॅगा धरून गाडी साधारण साडेसोळाशे किलो, शंभर मीटरला आठ मीटर चढ धरा, ५० च्या स्पीडने चढायचं तर नुसतं वर ओढायला, टायर-हवेच्या विरोधाला, एसी आणि गिअरबॉक्सच्या खर्चाला मिळून ३५ ते ४० पीएस लागतात. साधं पेट्रोल २००० वर ३५ देतंय, म्हणजे सगळं तिथंच संपलं, उरलं शून्य, गाडी तिसऱ्यात रडायला लागते आणि मागचा टेम्पो हॉर्न मारतो. तेच तुम्ही दुसरा गिअर टाकला, काटा ४००० वर नेला, की तेच इंजिन ८० पीएस देतं. आता निम्मी ताकद शिल्लक. गाडी ओरडेल, पण चढेल की! त्याला ओरडू द्यायचं असतं. डिझेलवाला माणूस ओरडली की घाबरून पाय काढतो, त्याला वाटतं इंजिन फाटणार, पेट्रोल इंजिन ५००० ला फाटत नाही हो.

टर्बोचा मुद्दा एवढाच की टर्बो गाडी गिअर न बदलता जे करते तेच काम साधी गाडी दोन गिअर खाली टाकून करते. पाटस रोडवर उसाच्या ट्रॉलीमागे ६० ने चालला आहात, समोर मोकळं दिसलं, ६० वरून ९० ला जायचंय. क्रेटाचं टर्बो पेट्रोल, १६० पीएस आणि २५३ न्यूटन मीटरवालं, २०२४च्या फेसलिफ्टला आलं ते, २००० वरच ७२ पीएस देतं, आहे त्या गिअरमध्ये पाय दाबला तर ढोबळमानाने सहा सेकंदात काम होतं. साध्या पेट्रोलला त्याच वरच्या गिअरमध्ये ठेवून दाबत बसलात तर चौदा-पंधरा सेकंद जातील, एवढ्या वेळात समोरचा अंगावर येतो. पण दोन गिअर खाली टाकून केलं तर त्यालाही सहा-सात सेकंदच. फरक ताकदीचा कमी आणि सवयीचा जास्त. मात्र दमलेला असताना, रात्री, बायको बोलत असताना, माणूस दोन गिअर खाली टाकायला विसरतो हेही खरं. मी पण विसरतो.

आता उंचीचं. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे, तिथं हवा साधारण बारा टक्के पातळ, साध्या पेट्रोलची ताकद तेवढीच कमी होते, म्हणजे ते ३५ तिथं ३१ वर आले. टर्बो स्वतः हवा कोंबतो म्हणून त्याला फारसं कळत नाही. पसरणी घाट चढून पाचगणीच्या पुढे साधी पेट्रोल गाडी जी सुस्त होते ती तुमच्या मनाचे खेळ नाहीत.

टर्बोची दुसरी बाजू शोरूममध्ये कोणी दाखवत नाही. १.० टर्बो असो की नेक्सॉन-थ्रीएक्सओचं १.२ टर्बो, १५०० च्या खाली ही इंजिनं फक्त नावाला असतात, टर्बो फिरेपर्यंत तुम्ही एक छोटं तीन सिलिंडरचं इंजिन घेऊन फिरत असता. हडपसरला गाडीतळाच्या गर्दीत, स्पीडब्रेकरवर सेकंडमध्ये गाडी १२-१५ वर आली, आता पाय दिला तर एक क्षण काहीच नाही, मग एकदम ढकलल्यासारखी पुढं. आईची मान मागं जाते. इथं साधं चार सिलिंडर पेट्रोल, ब्रेझाचं १.५ म्हणा, एलिव्हेटचं म्हणा, क्रेटाचं म्हणा, तुपासारखं चालतं. ब्रेझाचा आकडा १०३ पीएस, १३७ न्यूटन मीटर, कागदावर सगळ्यात बारीक, पण गाडी हलकी आणि शहरात इतकी सोपी की मी माझ्या बहिणीला तीच घ्यायला लावली, तिचं सगळं आयुष्य कोथरूड ते वारजे आहे.

ही नेक्सॉन-थ्रीएक्सओच्या १.२ ची भानगड का आहे तर चार मीटरच्या आत गाडी आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असेल तर कर कमी, डिझेलला ती मर्यादा १५०० ची. म्हणून छोटं इंजिन, एक सिलिंडर कमी, वर टर्बो. ब्रेझा चार मीटरच्या आत बसते पण १४६२ सीसी म्हणून सवलतीच्या बाहेर. तीन सिलिंडरची थरथर उभ्या गाडीत जाणवते, हात स्टिअरिंगवर ठेवून बघा, काहींना त्रास होतो काहींना आयुष्यात कळत नाही. तुम्ही डिझेल स्विफ्टमधून येताय, तुम्हाला काय थरथर.

गिअरबॉक्सबद्दल मात्र जरा थांबून वाचा, कारण माझ्या मते फील म्हणतात तो निम्मा इथंच ठरतो आणि लोक इंजिनाच्या पीएसवर चर्चा करत बसतात. कुशाक-टायगनचंच मोठं १.५ टीएसआय, १५० पीएस, २५० न्यूटन मीटर, मॅन्युअलमध्ये चालवा आणि ७-स्पीड डीएसजीमध्ये चालवा, दोन वेगळ्या गाड्या वाटतात. ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक, फोक्सवॅगन-स्कोडाचा डीएसजी किंवा ह्युंदाई-कियाचा डीसीटी, हायवेवर झकास, पुढचा गिअर आधीच लावून बसलेला असतो, कळतसुद्धा नाही कधी पडला. पण या गाड्यांमधले हे दोन्ही ड्राय क्लचवाले आहेत, म्हणजे क्लच थंड ठेवायला तेल नाही, आणि रांगत चालणाऱ्या चढावरच्या गर्दीत तो बिचारा सतत हाफ क्लचवर असतो. मागच्या पावसाळ्यात माझं एक गिऱ्हाईक ताम्हिणीत शनिवारच्या गर्दीत अडकलं, कुठली गाडी ते जाऊ द्या, साहेब चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलेटरच्या जोरावर गाडी धरून उभे. दहा मिनिटात डॅशबोर्डवर गिअरबॉक्स गरम झाल्याची सूचना. मला फोन. मी म्हटलं बाजूला घ्या, पार्कमध्ये टाका आणि कणीस खा. पाऊण तासाने निघाले, काही झालं नाही, पण वहिनी अजून त्या गाडीला नावं ठेवतात. ब्रेकवर धरायची, पुढच्याला दोन गाड्यांचं अंतर होऊ द्यायचं, मग सोडायची, एवढं जमलं तर डीसीटी बिनधास्त घ्या.

टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे जुन्या पद्धतीचा ऑटोमॅटिक, ब्रेझाला आहे, क्रेटाच्या डिझेलला आहे, कुशाक-टायगनच्या १.० ला आहे. गर्दीत, घाटात, रिव्हर्समध्ये चढावर पार्किंग करताना, याच्याइतकं निवांत काही नाही. पाय पूर्ण दाबला की एक विचार करतो आणि मग गिअर खाली टाकतो, तो अर्धा सेकंद ओव्हरटेक करताना धरून चालायचा. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला पट्ट्यावरचा ऑटोमॅटिक, शहरात मलमल आहे पण जोरात दाबलं की आवाज आधी जातो आणि गाडी मागून येते. एएमटी, म्हणजे साधाच गिअरबॉक्स पण क्लच-गिअर मशीन टाकतं तो, स्वस्त आहे, घाटात मान डोलवत नेते, यावर जास्त लिहीत नाही.

स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही, याबद्दल सगळे विचारतात म्हणून, ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर. इंजिन ९२ पीएस, मोटर ८० पीएस, पण बेरीज १७२ होत नाही, एकत्र ११६च्या आसपास मिळतात, कारण दोघांची ताकद एकाच क्षणी पूर्ण वापरली जात नाही. सिग्नलवरून निघताना मोटर शून्यापासून १४१ न्यूटन मीटर देते, आवाज नाही काही नाही, शहरात याच्यासारखी गाडी नाही आणि ॲव्हरेजचं तर बोलायलाच नको. पण बॅटरीत एक युनिटसुद्धा वीज मावत नाही, पाऊण युनिटच्या थोडी वर. वाईवरून पाचगणीला भरलेली गाडी सहाशे मीटर वर उचलायला नुसतेच अडीच युनिट लागतात. मग काय होतं, अर्ध्या घाटात बॅटरी रिकामी, आणि ते तीन सिलिंडरचं इंजिन एकटं, एका सुरात ओरडत वर चढतं. चढतं, अडत नाही, पण मजा म्हणून नाही. उतरताना बॅटरी परत भरून घेते ते मात्र बघायला छान वाटतं.

इंजिन झालं आता बाकीचं पटकन. टेस्ट ड्राइव्हमध्ये एक फसवणूक असते, काही कंपन्या ॲक्सिलेटर पॅडलच्या पहिल्या पाव भागातच इंजिन जास्त उघडतात, पाय टेकवला की गाडी उसळते आणि माणूस म्हणतो काय पिकअप आहे! पुढचा पाऊण पॅडल दाबून बघा, तिथं काही उरलंय का. आणि सेल्समनने आधीच स्पोर्ट मोड लावून ठेवलेला असतो, तो काढायला सांगा.

स्टिअरिंग-सस्पेन्शनमध्ये कुशाक-टायगन शंभरला रस्त्याला चिकटून असतात, वळणावर झुकत कमी, चालवणाऱ्याला विश्वास वाटतो, ही जर्मन मंडळींची जुनी खोड आहे. पण मागच्या सीटवर तिघं बसली की खांद्याला खांदा. क्रेटाचं स्टिअरिंग हलकं, गाडी मऊ, वळणावर जराशी डुलते, मागं जागा चांगली. नेक्सॉन खड्ड्यात फार छान बसते, धप्प आवाज येतो पण धक्का येत नाही. तुमची आई घाटात मळमळते असं तुम्ही लिहिलंय, तर हे तुमच्यासाठी पीएसपेक्षा मोठं आहे. मळमळ होते ती डुलण्याने आणि धक्क्याने सोडलेल्या-दाबलेल्या ॲक्सिलेटरने. १६० पीएसची गाडी घेऊन दर वळणाला दाबायचं आणि दर वळणाला ब्रेक मारायचा हे केलंत तर आई पसरणीच्या अर्ध्यात पिशवी मागेल. आणि टॉप मॉडेलचे १७-१८ इंची चाकं दिसायला भारी, पण टायरची भिंत बारीक, खडी उखडलेल्या रस्त्यावर कंबरेत येतं, शक्य असेल तर एक खालचं मॉडेल घ्या आणि १६ इंचीवर खूश रहा.

आता तुमचं. डिझेलची सवय, घाट दर आठवड्याला, मागे दोन ज्येष्ठ माणसं, पुण्यातल्या गर्दीत फारसं जाणं नाही. माझा पहिला कौल क्रेटा किंवा सेल्टोसचं डिझेल टॉर्क कन्व्हर्टरसह, तुम्हाला पहिल्याच दिवशी स्विफ्टचा मोठा भाऊ वाटेल. अट एकच, महिन्याला हजार किलोमीटर तरी व्हायला हवेत आणि त्यात मोठ्या फेऱ्या हव्यात, नाहीतर डिझेलचा काजळी धरणारा फिल्टर चोंदतो, तुमची दर आठवड्याची पुण्याची फेरी आहे म्हणजे ती चिंता नाही. डिझेल नकोच असेल तर १.० टीएसआय, ऑटोमॅटिक, फक्त दाबून चालवलं की ॲव्हरेज पडतं हे आधीच मान्य करून. टर्बो १६० पीएसवाली तुम्हाला गरजेची नाही, हौस असेल तर घ्या, हौसेला मोल नाही. आणि साधं पेट्रोल, जर पहिला महिनाभर स्वतःला गिअर खाली टाकायची सवय लावून घेणार असाल तरच.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या दारातून गल्ली फिरून परत अशी घेऊ नका. हडपसर बाजूच्या शोरूममधून घ्या, एसी लावा, आई-वडिलांना मागं बसवा, सेल्समनला पुढं, आणि दिवे घाटाकडे जायचंय म्हणून आधीच फोनवर ठरवा. चढ सुरू झाला की थर्डमध्ये ४० वर गाडी आणा, ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडला टाकून, आणि पाय हळूहळू दाबत न्या, एकदम नाही. खाली मस्तानी तलाव दिसायला लागतो त्या वळणांपर्यंत गाडीने स्वतःहून ५५-६० पकडले पाहिजेत. नाही पकडले तर सेकंड टाकून तेच पुन्हा, आणि आवाज झाल्यावर मागून आई काय म्हणते ते ऐका.